कंबरपट्ट्याखालचा सांधा

कट्टा गावच्या बाजारात, एसटी थांब्यासमोर माझं छोटं दुकान आहे. पाटीवर लग्नपत्रिका, झेरॉक्स, लॅमिनेशन, फ्लेक्स असं बरंच लिहिलंय, पण खरं सांगायचं तर मी दिवसभर माणसं कापत बसते. फोटोतली. वाढदिवस असो, बारसं असो, निवडणूक असो नाहीतर बारावं, लोक मोबाईल पुढे करतात आणि म्हणतात, "मागचा सगळा काढून टाक." मागचं म्हणजे दोरीवरचे कपडे, अर्धी स्कूटर, कुंपण, पंगतीत वाकून वाढणाऱ्या कुणाची तरी पाठ. ते कुणालाच नको असतं.

काम सांगायला सोपं आहे. फोटो पडद्यावर घ्यायचा, खांद्यापाशी कुठेतरी पहिला ठिपका टाकायचा आणि माणसाच्या कडेकडेने, रेघेला बाक देत, कानावरून, केसांवरून, दुसऱ्या खांद्यावरून उतरत पुन्हा पहिल्या ठिपक्यापाशी यायचं. रेघ बंद झाली की त्या आकाराच्या पोटात फोटो सोडायचा. आकाराच्या आतलं दिसतं, बाहेरचं दिसेनासं होतं. पुसलं जात नाही हं, नुसतं दिसत नाही. आकाराची कड जरा ओढली की मागचं सगळं परत हजर. हे मी गिऱ्हाइकांना सांगत नाही, उगाच घोळ कशाला.

हल्ली मोबाईलवर एका बोटात मागचं उडतं म्हणतात. बघितलंय मी. एका नवरीची नथ त्याने खाल्ली आणि एका आजोबांचा आख्खा कान. मी हातानेच कापते. हिला दुसरा उद्योग नाही असं लोक म्हणतात, आणि ते बरोबरच आहे.

दुपारची बस गेली की बाजार झोपतो. समोरचा किराणावाला गोणपाटावर आडवा होतो, पंखा वरून गरम हवाच खाली ढकलत राहतो, आणि मी ठिपक्यामागून ठिपका टाकत असते. तेव्हा मला भाताच्या मेरेवरून, शेतातल्या बांधावरून, चालल्यासारखं वाटतं. एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला उरलेलं सगळं जग, आणि मधल्या अरुंद वाटेवर मी. चालता चालता मनात येतं, मी आजवर जे जे काढलं ते गेलं कुठे? मग एक गाव दिसायला लागतं. दोरीवर कपडे वाळतायत. स्कूटर उभी आहे. देवबागच्या वाळूवर होड्या ओढून ठेवल्यात, लांब रेडीच्या बाजूला एक बोट जागच्या जागी उभी आहे. पंगत मांडलीय, पानं वाढलीत, भातातून वाफ निघतेय. माणूस मात्र एकही नाही. जिथे माणूस होता तिथे त्याच्या आकाराची मोकळी जागा आहे आणि तेवढ्यातून पलीकडचा उजेड येतोय. मला त्या गावात भीती वाटत नाही, उलट फार बरं वाटतं. मग कुणीतरी झेरॉक्ससाठी काउंटरवर नाणं वाजवतं, मी परत येते आणि त्याच्यावर खेकसते.

दशावतारी कंपनीचं काम मात्र मी असं अर्धवट झोपेत करत नाही. दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळापुढे दशावतार होतो. त्याला लिहिलेलं नाटक नसतं, मागे देखावाही नसतो. एक पडदा आणि एक लाकडी बाकडा. कलाकार त्या बाकड्यावर बसून म्हणाला हा राजवाडा, की तो राजवाडा. उठून म्हणाला हे घोर अरण्य, की सगळ्यांच्या अंगावर शहारा. बायकांची कामं पुरुषच करतात. त्यांना स्त्री पार्टी म्हणतात. आमच्या भागातल्या कंपनीत माझ्या लहानपणापासून एकच स्त्री पार्टी होते, शेजारच्या गावचे. घरी भात, काजू, म्हशी. मी त्यांना काका म्हणते. शाळेत असताना एकदा ते सदरा घालून काजूच्या बिया विकायला बाजारात आलेले मी बघितले आणि आईचा पदर ओढून विचारलं, "आये, राणी खंय गेली?" आई इतकी हसली की तिला तिथेच बसावं लागलं. मला ते हसू अजिबात आवडलं नव्हतं. मला खरंच कळायला हवं होतं.

दर वर्षी हंगामाआधी कंपनीचा बॅनर होतो. त्यासाठी सगळे कलाकार एका दुपारी देवळाच्या आवारात रंग लावून फोटो काढून घेतात. यंदा मीही गेले, कारण गेल्या वर्षीच्या फोटोत सगळ्यांचे मुकुट वरून कापले गेले होते, आणि कापणं हे माझं काम आहे, फोटोग्राफरचं नव्हे.

ही माणसं एरवी आम्ही दिव्यांच्या उजेडात बघतो. लख्ख उन्हात ती बघणं म्हणजे जागेपणी स्वप्न पडावं तसं होतं. फणसाच्या सावलीत राजा विडी ओढत होता. राक्षस कुणाशी तरी फोनवर गॅसच्या सिलिंडरबद्दल भांडत होता. नारद वहाणा शोधत होता. आणि मग काका आले. हिरवं लुगडं, कमरेला रुंद कंबरपट्टा, अंबाड्यावर अबोलीची वेणी. चालत आले असं म्हणवत नाही. लुगड्याच्या निऱ्या हलल्या आणि ते बाकड्यापाशी होते, एवढंच मला दिसलं. ते बाकड्यावर बसले, राजाने विडी टाकून एक पाय बाकड्यावर ठेवला आणि खाली त्यांच्या डोळ्यांत बघितलं. ते दोघे वर्षानुवर्षं राजा आणि राणी होत आलेले. ते बघणं असं होतं की राक्षसानेही फोन बंद केला. वारा पडला होता, फणसाचं पानही हलत नव्हतं. घाई कर म्हणून फोटोग्राफरला सांगायचं मी विसरून गेले.

त्याला महिना झाला नाही तोच मालकांचा फोन आला. मालक म्हणजे कंपनीचे मालक, सगळे त्यांना तेवढंच म्हणतात.

"बाये, मधली राणी बदलायची आसा. दुसऱ्या कंपनीतलो एक पोरगो घेतलंव, तेचो फोटो धाडलंय. काकांका काढ आनि तेका घाल."

"आनि काका?"

"ते आता रुषी करतले. तेंका खाल गोलात घाल."

बॅनरच्या तळाशी छोट्या छोट्या गोलांची एक रांग असते. त्यात बाकीच्या कलाकारांचे साध्या कपड्यातले फोटो असतात, पेटीवाला, पखवाजवाला, रोज काम बदलणारे. खांबावर बॅनर बांधला की ती रांग बहुतेक वेळा झुडपात जाते.

"मालकानू, मगे सगळ्यांचो फोटो परत काढा," मी म्हटलं.

"राजा गोव्याक गेलो, मुलीच्या बाळंतपणाक. बॅनर परवा लागाक व्हयो. आनि गो, लोकांका नवीन तोंड व्हया."

मी फोन ठेवला. मला राग आला होता, चांगला सणसणीत. मालकांचंही काही खोटं नव्हतं. गेल्या हंगामात काका पूर्वीसारखे नव्हते, हे मलाही दिसलं होतं. पण समोरच्याचं खरं असलं म्हणून आपला राग कमी होतो असं कुठे आहे?

आजवर मी माणूस ठेवून मागचं काढत आले होते. त्या दिवशी मागचं सगळं ठेवून माणूस काढायचा होता. अबोलीच्या वेणीपासून मी ठिपके टाकायला सुरुवात केली. कानातल्या कुड्या, मान, खांद्यावरून उतरणारा पदर. कधी नव्हे एवढी हळू गेले. गुडघ्यावर ठेवलेल्या हाताच्या बोटांपाशी तर इतकी रेंगाळले की संगणकाचा पडदा आपोआप काळा झाला आणि त्यात माझंच तोंड दिसलं. शेवटी रेघ बंद केली, मागची देवळाची भिंत सांधून घेतली. राजा बाकड्यावर पाय ठेवून रिकाम्या जागेकडे प्रेमाने बघत होता.

मग त्या मुलाचा फोटो कापला. देखणा होता, नाक तरतरीत, डोळे मोठे. कुठल्या तरी हॉलमध्ये उभा राहून काढलेला फोटो, अंगावर लाल लुगडं. आणि उंच, चांगला ताडमाड. त्याला बाकड्यामागे उभा केला तर राजाची नजर थेट त्याच्या कंबरपट्ट्यावर. लहान केला तर राजाची मुलगी वाटायला लागला. बाजूला सरकवला तर राजा त्याच्या कोपरावर भाळलेला. माझ्या नाकी नऊ आले, आणि खरं सांगू का, मला आनंदही झाला. जमू नये असंच मला वाटत होतं. मालकांना नमुना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "चलात. कोण बघता?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात काका उभे. इस्त्रीचा सदरा, पांढरी पँट, हातात छत्री.

"मालकांनी साधो फोटो देवक सांगितल्यानी," ते म्हणाले. "रुषीचो."

मी घाईघाईने पडदा झाकला, म्हणजे वर एक लग्नपत्रिका उघडून ठेवली. ते छत्री कोपऱ्यात ठेवून माझ्याजवळच्या स्टुलावर बसले.

"लपयतंस कित्याक? उघड. माका ठावक आसा सगळा."

उघडलं. ते चष्मा लावून पुढे वाकले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळून कीबोर्डवरची धूळ पुसत राहिले. मग त्यांच्या छातीत काहीतरी हललं, आणि मला वाटलं झालं, आता हे रडणार. ते हसत होते.

"ह्यो राजा बघता खंय? कंबरपट्ट्यार?"

"मालक म्हणतत, कोण बघता."

"कोण बघता? सगळे बघतत!" हसू एकदम थांबलं. "पयल्याच जत्रेक पोराचा हसा होतला. पडद्याभायर पाय टाकल्यान की मागसून कोणतरी कायतरी म्हणतलो. मगे तो चार वर्षां सुधरूचो नाय."

"होवंदे," मी म्हटलं. "मगे मालक तुमकाच परत बसयतले."

हे मी इतकं तडकून म्हटलं की समोरच्या किराणावाल्याने मान वर केली. काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"गो बाये, माका मालकांनी नाय उठयल्यानी. गुडघ्यांनी उठयल्यानी. बाकड्यार बसलंय की उठाक राजाचो हात धरूचो लागता. तो गुमान हात दिता. लोकांका वाटता, काय ता प्रेम!"

मला गेल्या हंगामातला तो हात आठवला. राजा वाकून हात पुढे करायचा, राणी त्याच्या हातात हात ठेवून सावकाश उठायची, आणि आमच्या बायकांच्या गर्दीत कुणीतरी हमखास सुस्कारा सोडायची. मीही सोडला होता.

काका पुन्हा पडद्याकडे वळले. मग बोट न लावता, काचेपासून जरा लांब धरून, त्यांनी हवेत एक आडवी रेघ ओढली.

"माका पुरो काढू नको. कमरेखालचो रवांदे. माजी मांडी, पाय, बाकडो, सगळा. वयसून तेका घाल. तो बसलो तर राजा बरोबर तेच्याच डोळ्यांत बघतलो."

"आनि मधी सांधो?"

"कंबरपट्टो कित्याक असता मगे?" ते म्हणाले. "आमचो सगळो सांधो तेच्याचखाली लपता."

मी कड ओढली. काढून टाकलेले काका सबंधच्या सबंध बाकड्यावर परत आले, हिरवं लुगडं, वेणी, झुकलेली मान. स्टुलावरचे काका दचकले. कपडे बदलताना कुणी आत आल्यासारखे ते चटकन म्हणाले, "झाक गो, झाक!" आणि दुकानाच्या दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं, बाजार झोपलेलाच होता.

मग मी त्यांनी दाखवली तशी रेघ घेतली, कंबरपट्ट्याच्या वरच्या कडेने. कंबरपट्ट्याखाली काका, वर तो मुलगा. त्याच्या पदराचा लाल रंग हिरवा करून घेतला, चोळी लालच ठेवली, खुलली उलट. काका शेजारून हळूच सांगत होते. खांदा उजवीकडे इल्लो, जरासाच, वळव. मान अजून खाली. राणी बसली की तिची मान जमिनीकडे नसते, राजाच्या पायाकडे असते, आणि नजर तेवढी वर. मी तो मुलगा केसभर फिरवत होते आणि कानाशी तो आवाज. कधी तो काकांचा आवाज होता, कधी राणीचा, मधली रेघ मला सापडत नव्हती. पंखा बंद पडला होता की चालू होता ते आता आठवत नाही. मला एवढं आठवतं की पडद्यावर एक बाई तयार होत होती, जी त्या दोघांपैकी कुणीच नव्हती, आणि तिला मी कुठेतरी भेटले होते.

"हात माजो काढ," काका म्हणाले.

गुडघ्यावरचा त्यांचा हात तसाच राहिला होता. इतका सुंदर ठेवला होता त्यांनी, बोटं जराशी उमललेली.

"रवांदे, काका. बरो दिसता."

"तोंडार रंग लावता येता. हात वय सांगतत. पोराचो हात पदराक आसा तेवढो पुरे."

बोटाबोटाच्या कडेने जाऊन तो हात मी काढला. तिथे लुगड्याच्या निऱ्यांचा तुकडा आणून बसवला. आता राजाने बाकड्यावर पाय ठेवला होता, खाली वाकून तो राणीच्या डोळ्यांत बघत होता आणि राणी वर बघत होती. कुठेही काही खोटं नव्हतं. मला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून स्वतःचाच राग आला.

"आता बघता," काका म्हणाले.

मालकांना पाठवलं. लगेच अंगठा आला आणि पाठोपाठ, "काकांचो गोल फोटो रवलो."

तो काढायचा राहिलाच होता. दुकानाच्या एका भिंतीला मी पासपोर्ट फोटोसाठी पांढरी चादर लावून ठेवलीय. काका तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. सदऱ्याचं गळ्याशी बटण लावलं, मग काढलं, मग परत लावलं. चष्मा खिशात ठेवला. मी मोबाईल धरला.

"हसू?"

"रुषी खंय हसता, काका?"

त्यावर ते हसले, मग गंभीर झाले. मी बटणाला बोट लावणार तोच त्यांची मान हळूच एका बाजूला झुकली. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मी म्हटलं, "मान सरळ." त्यांनी सरळ केली. मग नजर खाली गेली, जमिनीवर, जिथे कुणाचा तरी पाय असायला हवा होता. "वर बघा, काका." ते वर बघायला लागले, पार माझ्या डोक्यावरून, छपराच्या वाशांकडे. मग बाहेर, थांब्याकडे. मग परत खाली. मघाशी केसभर इकडे, केसभर तिकडे करून त्यांनी एका परक्या मुलाचे डोळे जागेवर बसवले होते. त्याच माणसाचे डोळे माझ्या एवढ्याशा दुकानात सगळीकडे हिंडून आले आणि कुठेच टेकले नाहीत.

त्यांनी लहान आवाजात विचारलं, "गो, नजर खंय ठेवू?"

मोबाईल तोंडासमोर होता म्हणून बरं. मग तो मी खाली घेतला, छातीशी धरला, म्हणजे माझा चेहरा त्यांना दिसेल.

"हयसर बघा, काका," मी म्हटलं. "माज्याकडे."

ते माझ्याकडे बघायला लागले, आणि मी न बघताच बटण दाबलं.